वीतभर खाली गेलेली गोळी

बंदुकीच्या आवाजाचा उपयोग कोणाला होतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

गोळी झाडणाऱ्याला तो आवाज नकोच असतो. ज्या जनावरावर नेम धरला, त्याला तो ऐकू येईपर्यंत गोळी लागलेली असते. मग उरतो कोण? त्या रानात आपल्या पोटासाठी गेलेला माणूस. त्याच्याजवळ ना नकाशा, ना शिट्टी, ना पहारा. धडाका ऐकला की खाली बसायचं, झाडाआड व्हायचं, एवढंच त्याला ठाऊक. तो आवाज त्याच्या हक्काचा आहे. आमच्या हद्दीत एका माणसाने तो हक्क चोरला आणि त्या चोरीसाठी तुरुंगात गेला दुसराच. त्या प्रकरणाची आठवण झाली की निवृत्त होऊनही माझी कानशिलं तापतात.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. सौंदडकडून येणारा रस्ता धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपवून रानात शिरतो, तो सगळा पट्टा आमच्याकडे. चैत्राचे दिवस होते आणि मोहाची फुलं गळत होती. आमच्याकडे मोहाचं झाड रानात असलं तरी ते कुणाचं, हे गावाला पाठ असतं. ज्या घरच्या बाया पिढ्यान् पिढ्या ते झाड वेचतात, त्यांचं ते झाड. उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. याच वेळी चितळंही तीच फुलं खायला येतात. दोघांची वेळ एक, जागा एक. शिकाऱ्याला चितळाची वेळ माहीत असते. बाईची वेळ त्याच्या हिशेबात नसते.

त्या सकाळी एका बाईच्या डाव्या मांडीतून गोळी आरपार गेली. चाळिशीतली, शेतमजुरी करणारी विधवा. गावात निळ्या झेंड्याच्या चौकाला लागून तिचं घर. सोबतच्या बायांनी लुगड्याची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि धानाच्या ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात पोचवलं.

मी त्या दिवशी साक्षीसाठी गोंदियाच्या कोर्टात होतो. संध्याकाळी ठाण्यात आलो तर तपास संपलेला! आमच्या बीट जमादाराने त्याच बाईच्या दिराला कोठडीत घातलं होतं. त्याच्याकडे पीक राखायला परवान्याची भरमार बंदूक होती. भरमार म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची जुनी बंदूक. तो डुक्कर मारायला गेला आणि गोळी वहिनीला लागली, अशी जमादाराची मांडणी होती.

मी जप्ती पंचनामा वाचला. लिहिलं होतं, ‘नळी हुंगून पाहिली असता ताज्या दारूचा वास आला.’ मी मुद्देमालातून भरमार मागवली आणि हुंगली. गंजाचा वास होता आणि मातीच्या तेलाचा. दारूचा नव्हता.

“जमादार, तुम्ही स्वतः हुंगली होती?”

“साहेब, तसं लिहावंच लागते. नाही तं कोर्ट मानत नाही.”

“हाच माणूस का पकडला?”

“गावात बंदूक एकच आहे, साहेब. अजून कोणाले पकडू?”

हे उत्तर मी विसरू शकत नाही. गावात बंदूक एक, म्हणून गुन्हेगार एक! रानात बाहेरून कोणी येतं, गाडीतून येतं, महागडं हत्यार घेऊन येतं, हा विचार त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. तसा विचार केला असता तर मोठ्या फाटकांसमोर उभं राहावं लागलं असतं. गरिबाच्या दारात मात्र फाटकच नसतं. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, ‘हत्यार मिळालं, आरोपी मिळाला, दोषारोपपत्राच्या तयारीला लागा.’ दीर भंडाऱ्याच्या तुरुंगात गेला. त्याच्या उन्हाळी धानाच्या बांध्या उघड्या पडल्या.

दवाखान्यात मी त्या बाईचा जबाब घ्यायला गेलो. वेदनेने तिचे ओठ सुकले होते, पण मला बघताच तिने अर्धं अंग उचललं.

“माया देराले काऊन नेलं जी?”

“बाई, त्याच्याकडे बंदूक आहे.”

“त्याची भरमार उडते ना साहेब, तं बोडीवरचे सारे बगळे उडतेत. बुढी माणसं घरातून भाईर येतेत. अन् माया मांडीतून गोळी गेली तरी मले धडाका नाही ऐकू आला? मी का बहिरी आहो का?”

“मग काय ऐकलंत?”

“चट् केलं. चाबूक मारल्यावानी. मले वाटलं गुराखी आला. मंग पाय गरम लागला. पाह्यलं तं लुगडं लाल.”

“धूर दिसला? वास?”

“काहीच नाही. माया पायाचं मी पाह्यतो. तुमी देराले सोडा आधी. त्याच्या बांध्या कोण राखंल? हा जमादार?”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. मला हसू आलं नाही. मी तिच्यासोबतच्या बायांना वेगवेगळं बसवून विचारलं. धडाका कोणीच ऐकला नव्हता, पण चट् सगळ्यांनी ऐकलं होतं. जमादाराने त्यांना काय विचारलं होतं? ‘बंदुकीचा आवाज ऐकला का?’ त्या नाही म्हणाल्या. जबाबात उतरलं, ‘आवाज ऐकला नाही.’ चट् कागदावर आलंच नाही.

रायफलच्या तोंडाला सायलेन्सर लावला की सिनेमात दाखवतात तशी ती मुकी होत नाही. नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटाचा धडाका दबतो. पण रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने धावते आणि हवा फाडत जाताना चाबकासारखी वाजते. तो चट् आवाज सायलेन्सरला थांबवता येत नाही. तो ऐकून गोळी कुठून आली ते कळत नाही. आडोसा कुठल्या बाजूला घ्यायचा तेही कळत नाही. पण तो ऐकू येतो. बायांनी ऐकला होता आणि मला दिशा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मी नवे पंच घेऊन घटनास्थळी गेलो. त्या बाईच्या मोहाच्या खोडाला सालीवर ताजा चरा होता. तिथून मागे सरळ रेषेत चालत गेलो. वाटेत सुक्या पानांवर पांढऱ्या केसांचा एक झुबका सापडला, कात्रीने कापल्यासारखा. चितळाच्या पोटाखालचे केस. जवळ उधळलेल्या खुरांच्या खुणा होत्या, रक्ताचा थेंबही नव्हता. त्याच रेषेत आणखी मागे जंगलातली गाडीवाट आणि तिथे जीप उभी राहिल्याच्या चाकांच्या खुणा. गोळी वाटेवरून सुटली, चितळाच्या पोटाखालून केस कापत गेली आणि पलीकडे वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला लागली. हे समजायला शहाणपण लागत नव्हतं. तिथपर्यंत चालत जावं लागत होतं, एवढंच.

खबर मिळाली ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून. मी चहाला थांबलो होतो. त्याने टायर पाण्यात बुडवता बुडवता आपणहून विषय काढला.

“साहेब, त्या रोजी सकाळीच राईस मिलवाल्या शेठची जीप आली होती पंक्चर घेऊन. शेठ एरवी बोलून बोलून कान खाते. त्या रोजी गुमसुम. अन् त्याचा ड्रायव्हर गुडघ्यापर्यंत चिखलात! मी म्हटलं, का बे, चैत्रात धानाची रोवणी करून आला का?”

“मग?”

“हासला नाही तो. शिवी दिली मले.”

शेठ म्हणजे फुलचूरकडे बंगला असलेला गिरणीमालक. परवान्याची परदेशी रायफल आणि नेमबाजीची बक्षिसं त्याच्याकडे होती, मोठ्या लोकांत ऊठबसही होती. मी नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. तो आला तोच खुर्ची ओढून बसला. चितळाचे केस आणि चाकांच्या खुणा कुठे सापडल्या, ते मी त्याला सांगितलं.

“अरे साहब, पूछो क्या पूछना है. पण एक बात सांगतो. माझा निशाना पूरा जिल्हा जानता है. एवढ्या जवळून मी चितळावर गोळी चालवली असती तर चितळ जागेवर बसला असता. पडला का चितळ? नाही ना? मतलब मी चालवलीच नाही. सीधी बात.”

“रायफल कोण जुळवतं तुमची?”

“मैं खुद. दर सीझनला रेंजवर जाऊन झिरो करतो. दुसऱ्याच्या हातात देत नाही.”

झिरो करणं म्हणजे कागदी निशाणावर गोळ्या झाडून दुर्बीण अशी जुळवणं, की जिथे बघाल तिथेच गोळी बसेल. हेच म्हणणं पुढे त्याने रायफल परत मागण्याच्या अर्जात वकिलामार्फत कोर्टात शपथेवर मांडलं. आपली रायफल आपण स्वतः रेंजवर जुळवतो, ती चुकत नाही, मेलेलं जनावर नाही, म्हणून आपण निर्दोष. आणि हा तर्क वरच्या साहेबांना पटला! भरमारवाल्याच्या बाबतीत न आलेला वासही पुरावा झाला. शेठच्या बाबतीत त्याचा अहंकार पुरावा झाला.

मी रायफल जप्त करून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. चाचणीतल्या सगळ्या गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ, आणि नेमक्या नेम धरला तिथेच बसल्या होत्या. वरून फोन आला, “झालं समाधान? सन्मानाने परत करा रायफल.”

परत करण्याआधी शेठ आणि पंचांसमोर सील फोडून मी ती हातात घेतली. नळीच्या टोकाला एक गोल टोपी आट्यांवर बसवलेली होती. मी ती फिरवून काढली. खालच्या आट्यांत काजळी भरली होती. टोपी कायम बसलेली असती तर आटे स्वच्छ राहिले असते. म्हणजे टोपी काढून तिथे दुसरं काहीतरी बसवून गोळी झाडलेली होती.

“हे आटे कशाला, शेठ?”

“कंपनी देती है.”

“आणि काजळी? तीही कंपनी देते?”

रायफलसाठी पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. मग म्हणाला, “वकिलाशी बोला.”

आता मला तो चिखल आठवला. उन्हाळी धानाच्या थोड्या बांध्या सोडल्या तर चैत्रात आमच्याकडे सगळी बांधी भेगाळलेली असते. गुडघाभर चिखल फक्त बोडीत असतो. बोडी म्हणजे शेताला पाणी द्यायला बांधलेला लहान तलाव. ड्रायव्हर सासुरवाडीला, तिरोड्याला जाऊन बसला होता. त्याला आणलं. हात लावला नाही. मी मारून तपास करत नव्हतो. मारलेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो, झालेलं सांगत नाही. चहा दिला आणि विचारलं, “रोवणी कुठल्या बोडीत केली, बापू?”

त्याने कप खाली ठेवला. “कोण म्हंते जी?”

“त्या बाईचा दीर तुरुंगात आहे. डुकरं रोज त्याचं धान खाऊन राहिलीत. तुझ्याही घरी बांधी आहे ना?”

मग बोलायला लागला तो थांबलाच नाही.

“गोळी चालली, चितळ पळाला. शेठ पागल झाला, म्हणे असं होऊच शकत नाही. मंग पलीकडून बाई वरडली. शेठनं नळीवरचा डबा काढून मले देला. म्हणे बोडीत फेक, तलाव आहे, खोल जाईल. मी म्हटलं मालक, चैत्रात बोडीत पाणी कोठी असते? म्हणे, तू फेक. कायले फेकतो जी? तरंगल्यावानी दिसला असता. मंग गाळात घुसून पायानं दाबला.”

ज्याच्या गिरणीत सगळ्या तालुक्याचं धान येतं, त्याला धान पिकवणारी बोडी कधी सुकते हे ठाऊक नव्हतं. धानाचं पोतं त्याने पाहिलं होतं, बांधी पाहिली नव्हती.

ड्रायव्हरच्या निवेदनाचा पंचनामा करून आम्ही बोडीवर गेलो. गावचे मासेमार ढिवर बांधव उतरले. पायाने गाळ चाचपत मांगूर मासा धरावा तसा त्यांनी तो नळीवरचा डबा बाहेर काढला. एकजण तो धुताना म्हणाला, “याले काटा नाही जी, पण मोठ्या माणसाच्या नरड्यात अडकंल.” बोडीच्या पाळीवर जमलेलं गाव हसलं. गावठी कारखान्यात चोरून बनवून घेतलेला सायलेन्सर होता तो. आपल्या कायद्यात खासगी माणसाला तो बाळगायची मनाई आहे.

मी रायफल आणि सायलेन्सर दोन्ही घेऊन स्वतः नागपूरला गेलो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोन्ही प्रकारे चाचणी घेतली आणि निशाणाचे दोन कागद माझ्यासमोर ठेवले.

“हा साध्या रायफलचा. हा सायलेन्सर लावून. काडतूस तेच, नेम तोच.”

दुसऱ्या कागदावरही छिद्रं तशीच दाटीने बसलेली होती. पण ती जवळजवळ वीतभर खाली आणि किंचित डावीकडे होती.

“म्हणजे रायफलचा नेमकेपणा गेला?” मी विचारलं.

“नाही. इथेच लोकांची चूक होते. गोळ्या विखुरल्या असत्या तर नेमकेपणा गेला म्हटलं असतं. या विखुरल्या नाहीत. सगळ्या मिळून सरकल्या आहेत. नळीच्या टोकाला वजन लटकलं की गोळी सुटताना नळीचं थरथरणं बदलतं, टोक जरासं झुकतं, आणि गोळी पडायची जागा बदलते. सायलेन्सर नीट, सरळ बसणारा असेल तर फरक थोडा असतो. हा वेडावाकडा आहे, म्हणून एवढा.”

“मग असा सायलेन्सर लावणारे काय करतात?”

“तो लावूनच दुर्बीण पुन्हा जुळवायची. मग गोळी परत नेमावर येते. पण त्यासाठी सायलेन्सर लावून कागदावर गोळ्या झाडाव्या लागतात.” त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. “तुमचा माणूस कुठे झाडणार होता? रेंजवर, सगळ्यांसमोर?”

सगळं प्रकरण या एका प्रश्नात होतं. रेंजवर त्याने रायफल जुळवली ती सायलेन्सरशिवाय, कारण तिथे तो दाखवता येत नव्हता. रानात झाडली ती सायलेन्सर लावून, कारण तिथे आवाज चालत नव्हता. चितळाचं काळीज छातीत खालच्या अंगाला असतं. त्याने नेम तिथे धरला, गोळी वीतभर खाली गेली, पोटाखालचे केस कापले आणि पुढे निघाली. जे लपवलं होतं, त्यानेच गोळी ढकलली. आणि रेंजवर आपण स्वतः रायफल जुळवतो हे शेठने कोर्टात शपथेवर सांगून ठेवलंच होतं.

अटक केल्यावर मी ते दोन कागद शेठपुढे ठेवले. मला वाटलं होतं, तो हादरेल. निदान मान खाली घालेल. त्याने दुसरा कागद उचलला, छिद्रांवर बोट फिरवलं आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान पसरलं.

“यानी की मैं चूका नहीं था,” तो म्हणाला. “माझा हात बरोबर होता.”

बाईच्या मांडीची चौकशी नाही. तुरुंगात बसलेल्या माणसाचं नाव नाही. त्याला इतके दिवस सलत होतं ते एवढंच, की चितळ कसा सुटला! वर्दीची शिस्त नसती तर मी त्या दिवशी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी फक्त हवालदाराला म्हणालो, “यांना आत न्या.”

ड्रायव्हर माफीचा साक्षीदार झाला. शेठला शिक्षा लागली. त्याने अपील केलं आणि तो जामिनावर बाहेर आहे. जमादाराची दुसऱ्या ठाण्यात बदली झाली. खोट्या पंचनाम्याची आपल्याकडे तेवढीच किंमत. दीर सुटला तेव्हा त्याच्या बांध्यांत डुकरांनी उलटवलेली माती होती. त्याची भरमार मुद्देमाल म्हणून आमच्याच मालखान्यात अडकून पडली होती. ती सोडवायला मी स्वतः अर्ज लिहून दिला. त्याचं बुडालेलं पीक परत करायला कुठलाच अर्ज नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? अचूक हत्यार आणि बरोबर माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्या एका नाण्याखाली बसत असतील, पण त्या कुठे बसतात हे कोणीतरी तपासलंच पाहिजे. पोलीस खात्याचंही तसंच आहे. आमचा नेमही वर्षानुवर्षं दाटीने एकाच जागी बसत आला आहे, गरिबाच्या दारात. त्याला आम्ही तपास म्हणतो. तो तपास नाही. तो सरकलेला नेम आहे, आणि तो पुन्हा जुळवायला आम्ही तयार नाही, कारण ते काम चारचौघांत करावं लागतं.

गेल्या चैत्रात मी त्या गावी गेलो होतो. ती बाई काठी टेकत अजून आपल्याच मोहाखाली जाते. आता सगळ्या बाया जाताना रिकामा डबा बडवत जातात. चितळं पळतात, मग शिकारी येऊन करणार काय? मी तिला विचारलं, “आता भीती वाटते का?”

“भीती त्याले वाटाले पायजे जी. आमी तं आवाज करून येऊन राहिलो.”

वाचकांनो, तुमच्या भागात रानात कुणाला इजा झाली, कुणाला उगाच उचललं, तर घरात बसून हळहळू नका. ठाण्यात जा. ‘आवाज ऐकला का?’ एवढंच विचारलं तर हो-नाही म्हणून उठू नका. जे ऐकलं ते, चट् असो की खट्, तसंच लिहायला लावा. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा, फिर्यादीवर मगच सही करा. फिर्यादीची प्रत मागा. ती फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. नाही म्हटलं तर चार माणसं घेऊन पुन्हा जा. ती पायाने अधू बाई रोज पहाटे डबा वाजवते. तुम्ही निदान ठाण्याचं दार वाजवा.